सुम्हुरामच्या दारातलं गाऱ्हाणं

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. एका वर्षी गणपतीला मी गावी गेलो नाही आणि ‘अर्बाब सोडत नाही’ असं घरी कळवलं. अर्बाबानं, माझ्या मालकानं, सोडलं होतं. सोडलं कसलं, ढकललंच होतं. ती सुट्टी घेऊन मी ओमानच्या दक्षिण टोकाला, सलालाला गेलो आणि समुद्रकाठच्या एका पडक्या शहरात एकटा फिरत राहिलो.

आता सगळं सांगतो. पण आधीच एक बोलून ठेवतो, म्हणजे वाचणाऱ्यानं उगाच माझ्यासाठी हळहळायला नको. त्या दिवसांची मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती दुसऱ्याच एका गोष्टीची, आणि ती नेमकी कोणती हे कळायला मला बराच वेळ लागला.

ऑगस्ट आला की इब्रात, ओमानातल्या माझ्या कामाच्या गावात, ते दिवस परत येतात. आमचा कारखाना सुकाच्या, म्हणजे बाजाराच्या, मागच्या बाजूला, दारं-खिडक्यांचा. पत्र्याखाली दुपारचं उभं राहवत नाही. रंधा हातात धरला तर चटका बसतो, भुसा घामाला चिकटतो आणि माणूस भाकरीच्या पिठात घोळलेल्या बांगड्यासारखा दिसायला लागतो. अशात एखादी चिखलानं माखलेली गाडी दारात येऊन थांबते. इब्रात, चिखल! गिऱ्हाईक उतरतं, डिकीतून शहाळं काढून माझ्या हातात देतं आणि म्हणतं, “खरीफ!” सलालाहून आलेलं असतं. आपल्याकडे खरीप शेतात असतो. इथं खरीफ म्हणजे दक्षिणेकडचं धुकं, ती भुरभुर, ते दिवस; सगळा ओमान तव्यासारखा तापलेला असताना तिथले डोंगर मात्र शेवाळ्यासारखे हिरवे होतात. मी चाकाजवळ वाकतो, चिखल नखानं खरवडतो आणि वास घेतो. आमचे कारागीर हसतात. “मिस्त्री, नमक लाऊँ क्या?”

हसू देत.

मी सिंधुदुर्गातला, मालवणपासून आत, सड्याखालच्या एका वाडीतला. सुतारकीचं घर. भावंडांत थोरला. लग्न केलं नाही. का, ते या लेखात नाही. इब्रात आलो तेव्हा केस काळे होते. ज्याच्या नावावर माझा व्हिसा आहे आणि ज्याचा हा कारखाना आहे तो माझा अर्बाब. नाव सालिम. उंच, किडकिडीत, हातात काठी आणि त्या काठीनं लाकूड वाजवून बघायची सवय. आमच्याशी बोलायचा ते हिंदीत, म्हणजे हिंदी जेवढी त्याला शरण आली होती तेवढीत. गणपतीला तो ‘तुम्हारा ईद’ म्हणायचा. पहिल्यापासून. मी दुरुस्त केलं नाही. मला ते आवडायचं.

कोकणातला माणूस नोकरी सोडील, गणपती सोडणार नाही, असं म्हणतात. खरंच आहे. मीही वर्षानुवर्षं सोडला नाही. मग एका वर्षी इब्राजवळच्या एका मशिदीची दारं वेळेत द्यायची होती आणि सालिमनं काठी खाली ठेवून, चक्क हात जोडल्यासारखं करून सांगितलं, “मिस्त्री, इस बार मत जाओ.” मी राहिलो. घरी फोन केला, अर्बाब सोडत नाही. खरं होतं ते. आणि त्या दिवशी मला एक गंमत कळली. माझ्यावर कुणीही रागावलं नाही. आई रडली ती माझ्यासाठी. भावानं शिव्या घातल्या त्या अर्बाबाला. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट केली नव्हती आणि दोष माझ्या दारात आला नव्हता. बाहेर कुठंतरी, समुद्रापलीकडे, अंगात पांढरा दिशदाशा घातलेल्या एका माणसाच्या दारात जाऊन तो बसला होता.

त्या वर्षीपासून आमच्या घरच्या गाऱ्हाण्यात अर्बाब आला. आमच्याकडे पूजा झाली की घरातला जाणता माणूस गणपतीपुढं उभा राहून मोठ्यानं गाऱ्हाणं घालतो. वर्षभराचं दुःख, भांडण, आजार, न जमलेली सोयरीक, सगळं देवाच्या कानावर घालायचं, आणि प्रत्येक मागण्यावर जमलेल्यांनी एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. एकदा गाऱ्हाण्यात माणूस आला की तो गावाचा झाला. बरा म्हणून आला तर बरा, वाईट म्हणून आला तर वाईट. तिथून त्याला कुणी काढत नाही.

पुढच्या वर्षी ऑगस्टात सालिम कारखान्यात आला, अर्धवट झालेल्या चौकटीवर काठी वाजवली आणि म्हणाला, “यल्ला मिस्त्री. तुम्हारा ईद आया. जाओ.”

“अर्बाब, काम पडा है.”

“काम बैठा रहेगा. अम्मा कितना बैठेगी?” मग गाडीतून एक पिशवी आणून माझ्यापुढं धरली. “ये हलवा, अम्मा के लिए. और ये लुबान. दुकान का नहीं, मेरे भाई ने सलाला से लाया. अम्मा को बोलना, सालिम ने दिया. पिछले साल मैंने उसका बेटा रख लिया ना.”

लुबान म्हणजे इथला ऊद-धूप, झाडाचा वाळलेला डिंक. खडे हिरवट, दुधी. पिशवीचं तोंड बांधलेलं असून वास येत होता.

मी त्या पिशवीकडे बघत उभा होतो आणि माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते लिहितो. मी जाणार नव्हतो. ठरवून नव्हे, त्या क्षणी कळलं. मला आमची पडवी दिसली. गणपतीवरच्या माटवीला बांधलेली फळं, कवंडळं, तेरड्याची फुलं. आणि त्याखाली बसलेली माणसं, माझ्या बॅगेकडे बघणारी. कोपऱ्यावरचा जमिनीचा तुकडा कुणाच्या नावावर करायचा ते मी सांगायचं. भावाच्या मुलाला कुठं चिकटवायचं ते मी बघायचं. चुलत्यांचं चुलतीशी वाजलं, मी मिटवायचं. आणि वाटेत भेटणारा प्रत्येक जण विचारणार, “कधी इलंस? जातलंस कधी?” उत्तर ऐकायला कुणी थांबत नाही, तरी विचारतात. वडील गेले तेव्हा माझ्या मिशा फुटत होत्या. तेव्हापासून मी त्या घराचा वासा. वाशाला कधी कुणी विचारलंय, बाबा, दमलास का?

माझ्या वाडीचा बाबल्या रुस्ताकला एका वाणसामानाच्या दुकानात होता. तो गणपतीला निघाला होता. मी मस्कतला जाऊन, रुवीच्या बस-स्टँडवर त्याला गाठलं. पिशवी दिली.

“आनि तू रे?”

“अर्बाब सोडूक नाय.”

“परत? मेल्या, तुझो अरबाब आसा काय यम?” बाबल्यानं पिशवी नाकाशी नेली. “ह्यां काय? कोणी दिल्यान?”

“हलवो आनि धूप. आयेक दी. मी घेतलंय.”

बाबल्याची टॅक्सी विमानतळाकडे वळली आणि मी सलालाची बस पकडली.

वाटेत वाळवंटच वाळवंट. माणसाला आपल्याबद्दल जे काही वाटत असतं ते सगळं वितळून जाईल एवढं सपाट. मग थुमरैत नावाचं गाव मागं पडलं, रस्ता डोंगरातून उतरायला लागला आणि एका वळणावर बस धुक्यात शिरली. ड्रायव्हरनं एसी बंद केला. कुणीतरी खिडकीची फट उघडली, आणि बसभर ‘अल्ला, अल्ला’ असा सुस्कारा फिरला. पुढं बसलेल्या म्हाताऱ्यानं हात बाहेर काढला, ओला तळवा तोंडावरून फिरवला. मी पण काढला.

आता गंमत बघा. मी कोकण चुकवून जिथं पळालो ते गाव हुबेहूब कोकण. नारळ, केळी, पपया, रस्त्याकडेला झावळ्यांच्या टपऱ्या, टपरीत मलबारी शहाळेवाला. धुक्यात उभी गुरं. फक्त मधूनच त्या गुरांत एक मान वर होई आणि तो उंट असे. तरी फरक होता, आणि तो फार मोठा होता. कुणीही मला ‘कधी इलंस’ विचारलं नाही.

ताका नावाच्या गावात मी खोली घेतली. तिथून पुढं एक खाडी आहे, खोर रोरी. खाडीच्या वर टेकाडावर ते शहर. सुम्हुराम. शहर म्हणायचं म्हणून. आमची वाडी त्यात एक-दोनदा बसेल एवढंच. जाड दगडी तट, आत घरांचे चौथरे, कोठारं, एक देऊळ, एक विहीर. लुबानाच्या व्यापारासाठी वसवलेलं बंदर, इसवी सनाच्याही आधीचं. पाटीवर वाचलं ते सांगतो, की ग्रीक खलाशी इथं यायचे, त्यांनी आपल्या भाषेत याचं नाव मोस्का लिहून ठेवलं होतं. आपल्याकडची गलबतंही यायची. आपल्याकडची भांडी इथं मातीत सापडली आहेत. खाली खाडीच्या तोंडाशी दोन कडे, मधे समुद्रानं आणून टाकलेली वाळू. बंदर बुजलं. बुजलं आणि शहर निघून गेलं. खरीफातला समुद्र त्या वाळूवर येऊन आपटत होता, दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता.

दरवाजाची वाट अरुंद, वळणं घेत आत जाणारी. भिंतीत कोरलेली अक्षरं, काटकोनी, कडक. मला त्यांतलं एकही वाचता येत नव्हतं, पण माझी नजर खाली गेली. धंद्याची खोड. उंबऱ्याच्या दगडात एक वाटीएवढा खळगा होता, गुळगुळीत झिजलेला. दार फिरायचं त्याचा तो खळगा. मी बोट घालून बघितलं. आत धुक्याचं पाणी साचलं होतं. लाकूड केव्हाच गेलं, करणारा गेला, दारातून जाणारे-येणारे गेले, आणि उंबरा मात्र अजून दार फिरायची जागा धरून बसलेला. मला त्याचा राग आला. खरंच सांगतो. म्हटलं, सोड की रे आता.

मी रोज तिथं जात राहिलो. कशाला, असं कुणी विचारील. काही करायला नाही म्हणून. चौथऱ्यावर बसायचं, ओलं व्हायचं, खाडीत उतरलेले उंट बघायचे. उंटांमागं एक जण यायचा, कमरेला लुंगी गुंडाळलेला, तिथल्याच डोंगरातला. एके दिवशी त्यानं विचारलं, “इंता वहीद?” एकटा आहेस?

“वहीद.”

त्यानं मला वरून खाली बघितलं, धुक्याकडे बघितलं आणि म्हणाला, “झेन.” चांगलं आहे. आणि गेला उंटांमागं. मला आयुष्यात एकटेपणाबद्दल मिळालेली ती एकमेव शाबासकी.

पाटीवर आणखी एक गोष्ट होती, ती तेव्हापासून माझ्याबरोबर आहे. ज्या गलबतांना उशीर व्हायचा, त्यांना वारा फिरेपर्यंत इथंच मुक्काम करावा लागे. त्या चौथऱ्यावर बसून मी विचार केला, खरंच सगळ्यांना उशीर झाला असेल? एखादा तांडेल असेल की, ज्यानं मुद्दाम दोन दिवस जास्त माल भरला. घरी बायको, म्हातारी, भावांची भांडणं. परत गेल्यावर ओठ पाडून म्हणाला असेल, काय करणार, वारा नव्हता. आणि घरच्यांनी वाऱ्याला शिव्या दिल्या असतील. वाऱ्याचं काही बिघडलं नाही. वाऱ्याला अब्रू नसते.

इथंच माझं गणित चुकलं होतं. पण ते तेव्हा कळलं नाही. कळलं ते चतुर्थीला.

मी दरवाजातच होतो, त्या उंबऱ्यापाशी, आणि फोन वाजला. भाऊ. मागं झांजा, पोरांचा गलका, कुणीतरी कुणावर तरी ओरडतंय.

“दादा, खंय आसंस?”

“कामार.”

“तुझ्या अरबाबाच्या नावान आग लागो. थांब, आयेक देतंय.”

आई फोनवर कायम ओरडून बोलते, समुद्र मधे आहे म्हणून. “झिला! तू धाडलेलो धूप लावलंय रे! धुपाटण्यात एकच खडो टाकलो तर काय वास सुटलो! सगळी वाडी इचारता, खयसून हाडलो म्हणान. मी सांगलंय, माझ्या झिलान धाडल्यान.” मग आवाज एकदम खाली आला. “जेवलंस मां?”

“जेवलंय.”

“बरां. थांब, तात्या गाराणां घालतत. आयक.”

भावानं फोन तात्यांसमोर धरला असावा. तात्या आमचे चुलते; आवाज असा की पलीकडच्या वाडीनं वेगळं गाऱ्हाणं घालायची गरज नाही.

“बा देवा गणपती म्हाराजा! आज ह्या घरातली सगळी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“पण थोरलो झील परमुलखात अडाकलो हा. तो जो कोण अरबाब आसा, जेच्या काळजात माया नाय, जो आवशीपासून झिलाक तोडता, तेची मती फिरव. नाय फिरली तर तेका तुझो हिसको दाखव, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

साऱ्या पडवीचा आवाज. त्यात आईचा, सगळ्यांत वर. आणि मला दिसत होतं, ती धुपाटणं घेऊन उभी आहे, आणि सालिमनं तिच्यासाठी दिलेला लुबान त्यात जळतो आहे, आणि त्या धुरातून सालिमचीच तक्रार देवाकडे चालली आहे.

“दादा, तू पण म्हण रे!” भाऊ ओरडला.

मी सुम्हुरामच्या दारात उभा होतो. जिथून शेकडो वर्षं लुबान जगभरच्या देवांकडे गेला त्या दारात. आणि मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. व्हय म्हाराजा.

इब्रात परतलो तेव्हा सालिम कारखान्याबाहेर खुर्ची टाकून बसला होता. “अम्मा कैसी है?”

“अच्छी है.”

“लुबान जलाया?”

“जलाया.”

“क्या बोली?”

मी म्हणालो, “दुआ दी.”

त्यानं उजवा हात छातीवर ठेवला, मान थोडी झुकवली, जणू आई समोर उभी होती. मग काठी उचलली आणि चौकटीवर वाजवून म्हणाला, “यल्ला, ये देखो, ढीला है.”

पुढच्या वर्षी मी गावी गेलो. भावाचा धाकटा रडत होता, तर त्याची आई म्हणाली, “गप बस, नायतर अरबाब येतलो.” पोर गप्प. माझ्याकडे बघून ती हसली, मीही हसलो. आईनं एकदा भाकरी थापता थापता विचारलं, “तुझ्या अरबाबाक आये आसा काय नाय रे?” मी म्हटलं, गेली ती. “तरीच,” आई म्हणाली.

लोक म्हणतील, गणपती सोडून दगड बघत बसला, म्हातारी आई वाट बघत होती, थोरला असून घराला विसरला. म्हणोत. विसरलो नव्हतो, चार दिवस खांद्यावरून उतरवून ठेवलं होतं. बैलालाही बेंदराला जू काढून ठेवतात, वर पुरणपोळी देतात. मी पोळी मागितली नव्हती. ते धुकं, तो गुळगुळीत खळगा, तो ‘झेन’ म्हणणारा उंटवाला माझे आहेत, आणि त्यांच्याबद्दल मी देवापुढं किंवा माणसांपुढं नाक घासणार नाही. परत तशी वेळ आली तर परत जाईन. फक्त या वेळी सांगून जाईन. ‘मला यायचं नाही’ एवढं वाक्य म्हणायला धाडस लागतं, ते माझ्याकडे नव्हतं, म्हणून मी एका भल्या माणसाला वारा केलं. तो वारा नव्हता. त्याला नाव होतं, आणि ते नाव आईला सांग असं त्यानं स्वतः सांगितलं होतं.

आता सालिम थकला आहे. गुडघे गेले. कारखाना मुलगा बघतो. तो काठी वाजवत नाही, फोनवर फोटो मागवतो. मागच्या वर्षी सालिमकडे गेलो तर कॉफी ओतता ओतता म्हणाला, “मिस्त्री, एक बार तुम्हारा खरीफ देखना है. तुम्हारे गाँव चलूँगा. अम्मा के हाथ का खाना खाऊँगा.”

मी म्हणालो, “बारिश में रास्ता बहुत खराब है, अर्बाब.”

“अच्छा,” तो म्हणाला. “इन्शाल्ला, फिर कभी.” आणि खजुराची ताटली माझ्याकडे सरकवली.

रस्ता चांगला आहे. डांबरी. आमच्या पडवीपर्यंत गाडी येते.

आज कारखान्यात पुन्हा एक चिखलाची गाडी आली होती. शहाळं फोडलं, पाणी प्यालो, आणि हे लिहायला बसलो. आई अजून आहे, धुपाटणं तीच धरते. तात्यांचा आवाज बसला आहे; यंदा गाऱ्हाणं मी घालावं असं भाऊ म्हणतो. परवा जातो आहे. बॅगेत लुबान आहे.

त्या खरीफाचं मी कुणाचं काही देणं लागत नाही. सालिमचं नाव तेवढं देणं लागतो. ते माझ्या आईसमोर, आमच्या पडवीत, सगळी वाडी ‘व्हय म्हाराजा’ म्हणेल इतक्या मोठ्यानं घ्यायचं अजून बाकी आहे.